लोडरचे दुखणे आणि मिस्त्रीची नाडीपरीक्षा

दिवाळी अंकाची पाने उलटताना कथा, कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांच्या पंक्तीला ट्रॅक्टरच्या लोडरचे दुखणे येऊन बसावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यातून लिहिणारा मराठीचा अध्यापक! ‘यांचे काम काव्यशास्त्रविनोदाचे, हे तेलाच्या पंपात कुठे शिरले?’ असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

पण जरा विचार करून पाहा. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचे एक मूळ अजून गावाच्या मातीत असते. तिथे एखादा भाऊ, चुलता किंवा मेहुणा शेती सांभाळीत असतो. वर्षातून एखाद्या वेळी त्याचा फोन येतो, ‘दादा, ट्रॅक्टरचा पंप गेलाय. थोडे पैसे पाठवता येतील का?’ आपण पाठवतो. पंप खरोखरच गेला होता का, हे विचारण्याइतके त्यातले आपल्याला कळत नाही. आणि न कळता विचारले तर समोरच्याला वाटते, दादाला विश्वास नाही. पैसे जातात, पंप नवा येतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार! अशा फोनच्या वेळी चार शहाणे प्रश्न विचारता यावेत, एवढ्याचसाठी हा लेख.

सुपाएवढे काम, सुगीएवढे मोल

प्रथम लोडर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ट्रॅक्टरच्या तोंडाशी दोन लोखंडी बाह्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला भल्यामोठ्या सुपासारखी बकेट. ड्रायव्हरने लिव्हर ओढला की बाह्या वर जातात, दुसरा ओढला की सूप पालथे होते. शेणखत भरायचे, पऱ्हाट्यांचे ढीग हलवायचे, मुरूम टाकायचा, गाळ उचलायचा, ही सगळी कामे या सुपाची.

आमच्या जालना जिल्ह्यात यांतल्या शेवटच्या कामाला विशेष मोल आहे. ‘जालना सोने का पालना’ अशी म्हण आमच्याकडे जुन्या काळापासून चालत आलेली आहे. पण या पाळण्याची दोरी पावसाच्या हाती. २०१२-१३ चा दुष्काळ असा पडला की वडीलधाऱ्या माणसांना १९७२ साल आठवले. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जालना शहराला पाणी देणारा, निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलावही आटला. त्या दुष्काळाच्या आगेमागे लोकांच्या एक गोष्ट नव्याने ध्यानात आली, की तलावाचे पोट गाळाने भरले आहे आणि तोच गाळ शेतांच्या पोटातून गेलेला आहे. नागरिक आणि शेतकरी मिळून घाणेवाडीचा गाळ उपसू लागले. पुढे २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाच काढली. तलावात पाणी मावावे आणि माळरानावर माती यावी, असा हा दुहेरी हिशेब.

या कामाची एकच अडचण आहे. तलावाचा तळ कोरडा सापडतो तो उन्हाळ्यातले थोडे आठवडे. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की तळात चिखल होतो, गाडी आत उतरत नाही, आणि गाळ वर्षभर तिथेच राहतो. मे महिन्यात लोडर चार दिवस बंद पडणे म्हणजे सुगीच्या दिवसांत बैल बसण्यासारखे आहे.

तेलाच्या अंगी बळ कुठून येते?

आता या बाह्यांना बळ येते ते तेलामुळे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगितला. आपण शाळेत तो पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. इंग्लंडात जोसेफ ब्रामा या कारागिराने १७९५ साली त्याच नियमावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने ट्रॅक्टरच्या पाठीमागचे अवजार तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत रूढ केली. पुढच्या बाजूला बसवलेला लोडर हा त्याच कुळातला.

हिशेब अगदी सोपा आहे. बाही उचलणाऱ्या नळकांड्याला आमच्याकडचे लोक ‘जॅक’ म्हणतात. त्याचा आतला व्यास ६ सेंटिमीटर धरला तर आतल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असला, तर एक जॅक ४,२०० किलोंचा रेटा देतो. दोन मिळून ८,४०० किलो. एवढा रेटा असून बकेट हजार किलोंच्या आतबाहेरच का उचलते? कारण जॅक बाहीच्या मुळाशी लावलेला असतो आणि ओझे असते टोकाला. झाडूचा दांडा एका टोकाला धरून दुसऱ्या टोकावरची बादली उचलून पाहा, म्हणजे बिचाऱ्या जॅकची व्यथा कळेल.

आता दाब १५० वरून ९० वर आला असे समजा. जॅक तेच, बाह्या त्याच, इंजिनाचा आवाजही तोच. पण ताकद शंभराची साठ झाली. बाहेरून काहीच दिसत नाही. दिसते ते एवढेच, की काल उचलत होता तेवढा गाळ आज उचलत नाही.

इथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण सगळे निदान त्याच्यावर उभे आहे. पंप दाब तयार करतो असे आपण धरून चालतो. वस्तुतः पंप फक्त तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला पुढे अडवणूक झाली की दाब चढतो. अंगणातल्या नळाला रबरी नळी लावा. तोंड मोकळे असेल तर पाणी नुसते पडते, अंगठा दाबून धरला की कारंजे उडते. नळ तोच असतो. अंगठ्याने त्याला जोर आला. तेव्हा तेल किती येते यावर बाहीचा वेग ठरतो आणि तेल किती दाबापर्यंत कोंडून राहते यावर बाहीची ताकद ठरते. ‘लोडर ढिला पडला’ या एका वाक्यात या दोन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. रिकामी बकेटसुद्धा हळूहळू चढत असेल तर तेल कमी येते आहे. रिकामी झटकन चढते आणि भरलेली अडते, तर तेल येते आहे पण कुठेतरी निसटते आहे.

मावसभावाचा लोडर

हे सगळे मला पुस्तकात वाचून समजले असते असे वाटत नाही. ते समजले बदनापूर तालुक्यात, गावतळ्याच्या कोरड्या तळात, २०२३ च्या मे महिन्यात. माझा मावसभाऊ तिथे शेती करतो. कर्ज काढून त्याने ट्रॅक्टरला लोडर बसवला होता आणि स्वतःच्या चार एकर मुरमाड जमिनीत गाळ टाकून झाल्यावर इतरांच्याही ट्रॉल्या तो भरून देत असे. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी त्याच्याकडे गेलो, तो हा चिंतेत. दुपार झाली की लोडर दम सोडी. ट्रॉल्यांची रांग लागलेली, आभाळात ढग दिसू लागलेले, आणि बँकेचा हप्ता डोक्यावर.

सल्ल्याला अर्थातच तोटा नव्हता. एक जण म्हणाला, ‘पंप गेला.’ दुसरा म्हणाला, ‘सगळं ऑईल बदला.’ तिसऱ्याने तर खिशातून पाना काढला आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळून देतो म्हणून पुढे सरसावला. नव्या पंपाची किंमत विचारून झाली होती. भाऊ मला म्हणाला, ‘दादा, पंपच घालून टाकावा म्हणतो. रोजचं नुकसान परवडत नाही.’

तेवढ्यात जालन्याहून बोलावलेले मिस्त्री मोटारसायकलवरून आले. साठीचे गृहस्थ. हातात पान्यांची पिशवी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक गेज. मला वाटले, आता हे यंत्र उघडणार. पण ते बांधावर टेकले, पाणी प्याले आणि विचारू लागले.

‘कधीपासून होतंय भाऊ?’

‘झाले दहा-बारा दिवस.’

‘हळूहळू झालं, का एकदम?’

‘एकदमच म्हणा.’

‘नुसती बाही अडते, का बकेट पालथी करायलाही जोर लागत नाही?’

‘दोन्ही ढिले झालेत.’

‘सकाळी कसं असतं?’

‘सकाळी बरं उचलतं. ऊन चढलं की अर्ध्या बकेटलाच बसतं.’

‘अन् रिकामी बकेट दुपारी?’

‘ती पटकन चढते.’

मिस्त्री थोडे थांबले. मग म्हणाले, ‘बारा दिवसांपूर्वी गाडीला हात कुणी लावला होता?’

भावाला आठवले. लोडरकडे जाणारा होज पाईप फुटला होता. रस्त्यावरच्या एका दुकानातून नवा कापून, टोके दाबून आणून बसवला होता. ‘पण तो तर नवाच आहे मिस्त्री. गळत पण नाही.’

‘असू द्या,’ एवढेच मिस्त्री म्हणाले.

वर्गात कविता शिकवताना मी मुलांना सांगत असतो, की आधी अन्वय लावा, अर्थाच्या मागे नंतर धावा. मिस्त्री नेमके तेच करीत होते. एकेका उत्तरासरशी संशयितांची यादी आखूड होत होती. बाही आणि बकेट दोन्ही ढिली, तेव्हा एकाच जॅकचे सील फाटलेले असण्याचा संभव कमी. रिकामी बकेट झटकन चढते, तेव्हा तेल पुरेसे येते आहे; टाकीतली जाळी तुंबलेली नसावी. एकाएकी झाले, तेव्हा झिजेचे दुखणे नव्हे. झीज पावलापावलाने येते. सकाळी बरे आणि दुपारी वाईट, कारण तापले की तेल पातळ होते आणि बारीक फटीतून अधिक निसटते. म्हणजे फट कुठेतरी आहे खरी. कुठे, एवढेच राहिले.

उघडण्याआधी मोजा

मग परीक्षा सुरू झाली. बकेट जमिनीवर टेकवून त्यांनी तेलाची पातळी पाहिली. बाह्या वर असताना पाहिली तर जॅकमध्ये गेलेले तेल हिशेबात येत नाही आणि उगाच जास्त भरले जाते. तेल पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरलेले, फेस दिसला तर हवा. इथे दोन्ही नव्हते. पंपाचा रडल्यासारखा आवाज येतो का, हे कान देऊन ऐकले. तसा आवाज आला तर पंपाला तेल मिळत नाही असे समजावे. तोही नव्हता. होजच्या कपलिंगवर हात फिरवून ती पूर्ण बसली आहेत ना, ते पाहिले. अर्धवट बसलेले कपलिंग आतून रस्ता अडवते आणि पुष्कळ पंप या एका कारणाने विनाकारण बदलले जातात, असे ते म्हणाले.

नंतर त्यांनी पंपाची साक्ष काढली. या ट्रॅक्टरला पंप एकच होता. एक चावी फिरवली की तेल मागच्या लिफ्टकडे जाई, उलट फिरवली की पुढच्या लोडरकडे. भर दुपारी, तेल तापलेले असताना, मागे रोटाव्हेटर जोडून त्यावर गाळाची चार पोती ठेवली. लिफ्टने तो भार विनातक्रार उचलला. ‘पंप निर्दोष,’ मिस्त्री म्हणाले. भावाच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला.

मग फडक्यातले गेज निघाले. बकेट खाली, इंजिन बंद, दोन्ही लिव्हर पुढेमागे हलवून आतला दाब मोकळा केलेला. गेज जोडले, इंजिन चालू केले, बाह्या पूर्ण वर नेऊन लिव्हर तसाच क्षणभर धरला. जॅक टोकाला पोचला की तेलाला जायला जागा उरत नाही. त्या वेळी गेज जो आकडा दाखवते तोच या यंत्राचा खरा दम. या लोडरला १५० हवा होता. काटा ९० वर थांबला.

याच वेळी एक प्रसंग घडला तो सांगितलाच पाहिजे. गेजच्या जोडापाशी धुक्यासारखी बारीक फवार दिसली. माझा पुतण्या, सतरा वर्षांचा पोरगा, ‘इथून गळतंय का बघतो’ म्हणून बोट पुढे करू लागला. मिस्त्री एवढ्या जोराने ओरडले की ट्रॉलीजवळची माणसे उठून उभी राहिली. ‘हात नको! मागं हो!’ इंजिन बंद झाले. मग त्यांनी पोराला शांतपणे समजावले, की या दाबाखाली टाचणीएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसे, आणि काही तासांनी बोट सुजून काळे पडू लागते. अशा वेळी घरी हळद लावून बसू नये. लगेच मोठे हॉस्पिटल गाठावे आणि ‘हायड्रॉलिकचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट जाते. गळती पाहायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहावी. आणि वर उचललेल्या बकेटखाली कधीही शिरू नये. होज फुटला तर बकेट हाक मारून खाली येत नाही.

आता फट सापडायची राहिली होती. लोडरच्या लिव्हरखाली जो लोखंडी ठोकळा असतो, त्यात रिलीफ व्हॉल्व्ह बसवलेला असतो. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखेच त्याचे काम. दाब ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की स्प्रिंग मागे सरकते आणि जादा तेल टाकीत परत जाते. मिस्त्रींनी परतीच्या नळीजवळ हात नेला. ती इतर नळ्यांपेक्षा किती तरी जास्त तापलेली होती. जे तेल काम न करता दाबाखालून निसटते ते तापते. बकेट खाली टेकवून, दाब मोकळा करून त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. आतल्या लहानशा शंकूच्या बैठकीवर काळ्या रबराची एक कपची अडकलेली होती. नखाच्या कोरीएवढी! नवा होज कापताना आत राहिलेला तुकडा तेलाबरोबर वाहत येऊन तिथे बसला होता. झाकण पुरते बसत नव्हते आणि दाब रात्रंदिवस निसटत होता.

कपची काढली, बैठक स्वच्छ केली, होज सोडून दोन्हीकडून धुतला. पुन्हा गेज लावले. काटा १५० वर गेला आणि तिथे उभा राहिला. दीड तासाचे काम. मजुरी पंपाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

मिस्त्री निघताना पाना घेऊन आलेल्या त्या गृहस्थांना म्हणाले, ‘तुम्ही आटे आवळले असते तर आज जोर आला असता. पण उद्या ती कपची वाहून गेली असती, तर दाब दोनशेच्या पलीकडं जाऊन होज फुटला असता. पोरं जवळच उभी असतात ना!’ स्क्रू गेजवाचून आवळू नये, याचे याहून चांगले कारण मी अद्याप ऐकलेले नाही.

फोन आला तर

तेव्हा वाचकहो, गावाहून ‘पंप गेला’ असा फोन आला, तर पैशाचा विचार करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा.

पहिला, सगळेच ढिले आहे की एकच हालचाल? एकच असेल तर त्या जॅकचे सील किंवा त्याचा लिव्हर पाहायला सांगा; सगळेच असेल तर तेल, जाळी, कपलिंग, रिलीफ व्हॉल्व्ह आणि अगदी शेवटी पंप.

दुसरा, रिकामी बकेटही हळू चढते का? चढत असेल तर तेल कमी येते आहे. नसेल तर दाब निसटतो आहे.

तिसरा, सकाळचा आणि दुपारचा फरक काय? गार असताना वाईट आणि तापल्यावर बरे, तर तेल जाड किंवा जाळी तुंबलेली. तापल्यावर वाईट, तर आतून गळती.

चौथा, एकदम झाले की हळूहळू, आणि त्याच्या आधी काय बदलले होते?

पाचवा, आणि हा विसरू नका: ओझे तेवढेच आहे ना? अर्धा घनमीटर ओला गाळ आठशे-नऊशे किलो भरतो. तोच सुकला की बराच हलका होतो. कधी कधी लोडर ठणठणीत असतो, ओलावा वाढलेला असतो.

हे पाच प्रश्न विचारल्याने गावाकडच्या माणसाला अविश्वास वाटत नाही, उलट आपले दुखणे कुणी नीट ऐकून घेतो आहे असे वाटते, हा माझा तेव्हापासूनचा अनुभव आहे. माझ्या मावसभावाने त्या वर्षी मृगापूर्वी राहिलेल्या सगळ्या ट्रॉल्या भरल्या आणि बँकेचा हप्ताही वेळेवर गेला. आता त्याच्या पेटीत स्वतःचे एक गेज आहे आणि नवा होज आला की बसवण्यापूर्वी तो आतून धुतला जातो.

यंदाच्या भाऊबीजेला गावाकडच्या भावाला काय द्यावे असा प्रश्न पडला असेल, तर एक चांगले गेज द्यायला हरकत नाही. कपड्याच्या जोडीपेक्षा ते फार महाग पडत नाही.